ग्राफिक्स ड्रायव्हर साफ काढून नवा टाकणे: डीडीयू वापरल्यानंतरचा अनुभव

डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, हे वॅगनार्डसॉफ्टचं फुकट टूल आहे. ग्राफिक्स कार्डाचा जुना ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, ते मुळासकट काढतं: फाइली, रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या कोठारातल्या) नोंदी, विंडोजने ड्रायव्हर स्टोअरमध्ये ठेवलेली प्रतही. सांगलीत घरच्या दोन मशीनवर गेल्या पावसाळ्यापासून ते वापरात आहे. एकात एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० (१२ जीबी), दुसऱ्यात एएमडीचं सेकंडहँड आरएक्स ५८० (८ जीबी), विंडोज ११ दोन्हीवर.

मत आधीच सांगतो. टूल चोख आहे, पण दर ड्रायव्हरमागे ते चालवायचं कारण नाही. आणि ज्यांचं डीडीयू चालवूनही बिघडतं, त्यांचं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी चुकलेलं असतं: जुना ड्रायव्हर निघाल्यापासून नवा बसेपर्यंतच्या वेळात इंटरनेट चालू राहिलेलं असतं.

नेहमीच्या अपडेटला एनव्हिडियाच्या इन्स्टॉलरमधलं ‘कस्टम’ निवडून ‘परफॉर्म अ क्लीन इन्स्टॉलेशन’वर टिक केली तरी भागतं. एएमडीच्या इन्स्टॉलरमध्ये त्याच कामाला ‘फॅक्टरी रीसेट’ आहे. डीडीयू वापरायचं ते कार्डाची कंपनी बदलताना, नव्यावरून जुन्या व्हर्जनला परत जाताना, इन्स्टॉलर अर्ध्यात अडकून ‘फेल्ड’ म्हणत असेल तेव्हा, किंवा स्क्रीन मध्येच काळी होऊन परत येत असेल आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘डिस्प्ले’च्या नावाने ४१०१ ही नोंद वारंवार दिसत असेल तेव्हा. ही नोंद म्हणजे कार्डाने ठरलेल्या वेळात (मूळ सेटिंग २ सेकंद) उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने ड्रायव्हर पुन्हा उठवला. दुकानात नेलं की यावर पहिलं वाक्य येतं, ‘फॉरमॅट मारूया’. फक्त ड्रायव्हरसाठी फॉरमॅट मारू नका.

तयारीला कामापेक्षा जास्त वेळ जातो, आणि तो द्यावा. नवा ड्रायव्हर आणि डीडीयू आधी उतरवून डी ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डरमध्ये ठेवा. ड्रायव्हर ७००-९०० एमबीच्या घरात असतो, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर दिवसाच्या दीड-दोन जीबीतला मोठा वाटा त्यातच जातो. सी ड्राइव्हवरच्या ‘एनव्हिडिया’ किंवा ‘एएमडी’ नावाच्या फोल्डरमध्ये मात्र काही ठेवू नका. ती फोल्डरं काढण्याची टिक डीडीयूच्या ऑप्शन्समध्ये असते, आणि साफसफाईत तुमचा नवा इन्स्टॉलरही जातो. सध्या नीट चालणाऱ्या व्हर्जनचा इन्स्टॉलरही जपून ठेवा. कोणतं व्हर्जन आहे ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये कळतं, पण तिथे आकडा वेगळाच दिसतो. एनव्हिडियाचा असेल तर शेवटचे पाच आकडे घ्या: ३२.०.१५.६६३६ म्हणजे ५६६.३६.

साफ केल्यावर कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमधली सगळी सेटिंगं उडतात. रिफ्रेश रेट, रंगांची रेंज, जी-सिंक, एखाद्या गेमसाठी केलेलं वेगळं प्रोफाइल, या सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढा. आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाचा वेग-व्होल्टेज बदलायच्या टूलमध्ये) अंडरव्होल्ट केलं, म्हणजे व्होल्टेज कमी केलं असेल तर त्याचे आकडे कागदावर लिहा, आणि विंडोज चालू होताच ते लागू होण्याची टिक तेवढ्यापुरती काढा. नाहीतर नवीन ड्रायव्हरवर व्होल्टेजची जुनी कर्व्ह बसते आणि दोष ड्रायव्हरला जातो.

दोन गोष्टी फार जणांना अडकवतात. डीडीयू चालवायचं ते सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरवर चालतं त्या अवस्थेत. तिथे चार अंकी पिन बरेचदा चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो वर्षानुवर्षं कुणी टाकलेला नसतो. दुसरं, विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर आणि नव्या पीसीवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या डेटाचं कुलूप, आपोआप चालू असतं. रिकव्हरीच्या निळ्या स्क्रीनमधून जाताना ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते, पण नेट काढलेल्या आणि बंद पडलेल्या मशीनवर शोधत बसण्यापेक्षा आधीच वहीत उतरवून ठेवलेली बरी.

आता काम. लॅन केबल उपटा, वायफाय डोंगल असेल तर तोही काढा. शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट, मग ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि यादी आली की ४. पाच नको, पाचमध्ये नेटवर्क असतं. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या टूलमधून ‘सेफ बूट’ची टिक लावायचा सल्लाही मिळतो. तो टाळा. टिक काढायची राहिली तर मशीन दर वेळी सेफ मोडलाच उघडतं आणि घरातले बाकीचे हैराण होतात.

डीडीयूची खिडकी गजबजलेली आहे, पण तिच्याशी खेळायची गरज नाही. उजवीकडे ‘जीपीयू’ आणि कंपनी निवडा, ‘क्लीन अँड रिस्टार्ट’ दाबा. कार्डच बदलायचं असेल तर शटडाउनवालं बटण घ्या आणि बंद झाल्यावर कार्ड काढा. पहिलं बटण दाबून घाईने केबल ओढू नका.

मशीन परत येईल ते ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’वर. स्क्रीन जाडजूड दिसेल, दुसरा मॉनिटर बंद असेल, माउस हलवताना लटपटल्यासारखं वाटेल. हे बरोबर आहे. नेमक्या याच वेळी नेट चालू असेल तर विंडोज अपडेट स्वतःच्या भांडारातला, बहुधा जुना, ड्रायव्हर गुपचूप उतरवायला लागतं, इकडे तुम्ही इन्स्टॉलर चालवलेला असतो, आणि दोघे एकाच कार्डावर हक्क सांगतात. एएमडीवर हे लगेच कळतं: अॅड्रेनालिन हे तिचं कंट्रोल पॅनेल उघडताना तुमच्या ड्रायव्हरशी ते जुळत नाही असा संदेश येतो आणि पॅनेल उघडतच नाही. हे रोखायला डीडीयूत विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर न येऊ देण्याची टिक आहे. ती लावली तर काम झाल्यावर त्याच टूलमधून मूळ सेटिंग परत करा. नाहीतर पुढे नवीन प्रिंटर जोडल्यावर त्याचाही ड्रायव्हर आपोआप येणार नाही, आणि तोवर ही टिक कुणाच्या लक्षातही नसेल.

इन्स्टॉलर चालू असताना स्क्रीन दोन-तीनदा काळी होते. हात लावू नका. पूर्ण झालं की रिस्टार्टच करा, शटडाउन करून पुन्हा चालू करू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोज गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. त्यानंतरच लॅन जोडा.

मग तपासणी. रिफ्रेश रेट ६० वर आलेला असतो, मॉनिटर १४४चा असेल तर अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन तो १४४ करा. आवाज आला नाही तर स्पीकर बिघडलेला नाही. कार्डाबरोबर एचडीएमआय ऑडिओचा ड्रायव्हरही नवा बसतो आणि आवाज मॉनिटरकडे वळतो. टास्कबारवरून आउटपुट बदला. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात गेम अडखळतात, कारण जुनी शेडर कॅश (गेमच्या चित्रणासाठी आधीच तयार करून ठेवलेला कोड) कामाची राहिलेली नसते आणि ती पुन्हा तयार होत असते. पहिल्याच मॅचवरून ‘नवा ड्रायव्हर भिकार’ असा निकाल देऊ नये.

लाइट जाण्याची भीती इथे सगळ्यांना असते, विशेषतः वळवाच्या दिवसांत. मध्येच लाइट गेली तरी कार्ड मरत नाही. बायोस, म्हणजे हार्डवेअरमधलंच मूळ सॉफ्टवेअर, फ्लॅश करणं वेगळं, हे वेगळं. परत सेफ मोड, परत डीडीयू. ६०० व्हीएचा साधा यूपीएसही पुरतो, कारण या कामात कार्डावर गेमइतका भार नसतो.

इन्स्टॉलनंतर स्क्रीन काळीच राहिली तर दोन मिनिटं थांबा, विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी दाबा, आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डात नाही ना, ते वाकून बघा. तरी काही नाही, तर विंडोजचं चक्र फिरत असताना पॉवर बटण दाबून दोन-तीनदा बंद करा, रिकव्हरी स्क्रीन येते.

कोणता ड्रायव्हर? एनव्हिडियाचे दोन प्रकार आहेत: गेमला गेम रेडी, एडिटिंगला स्टुडिओ. लग्नसराईत डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटरवर काम अर्ध्यात असेल तर कोणताच नको. व्हिडिओ हातावेगळा झाल्यावर बघा. एनव्हिडियाची जीटीएक्स १०५० टीआय, १०६० ही आपल्याकडे अजून ढिगाने चालणारी कार्डं. त्यांच्यासाठी ५८० ही ड्रायव्हरची शेवटची मालिका. गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच होते, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत तिमाही सुरक्षा अपडेट. म्हणजे ५८० मालिकेतला चांगला चाललेला इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ठेवा आणि नवीन गेम रेडी शोधणं सोडा. जीटीएक्स १६५०, १६६० यांना हे लागू नाही.

सेकंडहँड आरएक्स ५८० घेताना मात्र डीडीयूवर भरवसा ठेवून पैसे देऊ नका. क्रिप्टो मायनिंगमधून आलेल्या कार्डात बायोस बदललेला असू शकतो. तेव्हा साफ करून ड्रायव्हर टाकला तरी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ४३ हा एरर तसाच राहतो. काही कार्डांच्या कडेला दोन बायोसचा बारीक खटका असतो. मशीन बंद करून तो दुसरीकडे सरकवून पाहा. नसेल तर मूळ बायोस परत टाकावा लागतो. घेण्याआधी विकणाऱ्याच्या मशीनवर ड्रायव्हर टाकलेलं कार्ड अर्धा तास चालवून बघा. नुसत्या डेस्कटॉपवर काही कळत नाही.