सात महिने कँडलस्टिक वाचल्यावर: रविवारच्या कँडलनं केलेला घात

कँडल म्हणजे ठरावीक वेळेतला भाव दाखवणारी चार्टवरची खूण: उघडलेल्या आणि बंद झालेल्या भावामधला जाड भाग ती बॉडी, वर-खालच्या बारीक रेषा त्या विक; भाव चढून बंद झाला तर हिरवी, उतरून झाला तर लाल. हॅमर (छोटी बॉडी, खाली लांब विक) म्हणजे काय, डोजी (जवळजवळ बॉडीच नसलेली कँडल) कशी ओळखायची, हे पुन्हा सांगत बसत नाही. ती चित्रं सगळ्यांची पाठ असतात. माझीही होती. सात महिने युरो-डॉलरच्या रोजच्या कँडल बघतोय, आधी चार महिने डेमोवर (खोट्या पैशांवर) आणि मग खऱ्या पैशांनी, अगदी छोट्या लॉटवर, म्हणजे छोट्या सौद्यांवर. लिहायला बसलो ते मात्र एका मॉर्निंग स्टारवरून (भाव आता वर वळणार असं सांगणारा तीन कँडलचा पॅटर्न) डोकं फिरलं म्हणून.

शुक्रवारी लांबलचक लाल कँडल. तिच्या शेजारी चिमुकली बॉडी, वर-खाली जेमतेम विक. मग सोमवारी हिरवी, शुक्रवारच्या बॉडीच्या निम्म्याच्या वर बंद झालेली. अगदी पाठ केलेल्या चित्रासारखं! अ‍ॅपमधल्या पॅटर्न ओळखणाऱ्या ज्या सुविधेचे मी वेगळे पैसे मोजले होते, तिनंही टुणकन सूचना दिली. सौदा घेतला. गुरुवारी स्टॉप लॉस (ठरवलेल्या भावाला सौदा बंद करून तोटा थांबवणारी ऑर्डर) उडाला. तोटा होतो, त्याचं एवढं नाही. पण रात्री त्या चिमुकल्या कँडलवर बोट ठेवलं, तर तारीख रविवारची.

चलनांचा हा बाजार न्यूयॉर्कच्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता उघडतो. हिवाळ्यात तेव्हा ग्रीनिचला रात्रीचे 10 वाजलेले असतात, आणि या अ‍ॅपचा दिवस ग्रीनिचच्या मध्यरात्री संपतो. म्हणजे ती 'दिवसाची' कँडल दोन तासांची! सिडनीत सकाळचे 9 वाजलेले, लंडन झोपलेलं, भाव हलणार किती? घेणारे आणि विकणारे बरोबरीत अडकले, असा त्या छोट्या बॉडीचा अर्थ सांगतात. इथे मैदानात कुणी उतरलंच नव्हतं.

अ‍ॅपच्या सेवा केंद्राला चार मेल केले. चारही वेळा उत्तर एकच: चार्ट बरोबर आहे. अहो, आहेच बरोबर! पण दोन तासांच्या कँडलला तुमचं यंत्र दिवसभराची समजतं आणि वर त्याचे पैसे घेतं, त्याचं काय?

मग दुसरीकडे फुकटचं डेमो खातं उघडलं. तिथला दिवस न्यूयॉर्कच्या 5 वाजता बंद होतो. आठवड्याला सहा नाही, पाच कँडल. तोच आठवडा उघडला, तर स्टार गायब. शुक्रवारची लाल आणि तिला चिकटून सोमवारची हिरवी. चार तासांच्या कँडलचंही तसंच, सर्व्हरच्या वेळेप्रमाणे त्यांचे तुकडे बदलतात. तासाची कँडल तेवढी दोन्हीकडे सारखी दिसली.

तिसऱ्या महिन्यात वहीत लिहिलं होतं, 'कँडलस्टिक म्हणजे ढगात हत्ती शोधणं.' ते आता अर्धं खोडलंय. पाच कँडलच्या चार्टवर, जुन्या तळाशी येऊन खाली लांब विक सोडणाऱ्या कँडलनं मला बऱ्यापैकी साथ दिली. मधल्या पट्ट्यातली एन्गल्फिंग (आधीच्या कँडलची बॉडी गिळणारी कँडल) मात्र सोडून दिली. तिथे ती रोजच भेटते. स्टारमध्ये गॅप (दोन कँडलच्या भावांमधली मोकळी जागा) हवा, हा हट्टही सोडला. तो शेअर बाजाराचा नियम. करन्सी कामाच्या दिवसांत चोवीस तास चालते, मधल्या दिवशी गॅप येणार कुठून? आणि कँडल बंद होईपर्यंत हात बांधून बसायचं. दुपारचा हॅमर रात्री साधी लाल कँडल झालेला मी इतक्या वेळा पाहिलाय की आता दुपारी चार्ट उघडतच नाही.

एक खुपणारी गोष्ट राहिलीच. शूटिंग स्टार (वर लांब विक असलेली, भाव पडणार असं सांगणारी कँडल) बघून विकलं, स्टॉप विकच्या टोकाच्या वर ठेवला. न्यूयॉर्कचे 5 वाजले, स्प्रेड, म्हणजे बिड (आपल्याला विकताना मिळणारा भाव) आणि आस्क (घेताना मोजावा लागणारा भाव) यांतला फरक, फुगला आणि स्टॉप गेला. चार्टवर मात्र भाव तिथवर पोचलेलाच नाही! कारण चार्ट बिडचा, आणि विकलेला सौदा बंद होतो आस्कवर. आस्कची रेष दाखवायचं बटण सेटिंगमध्ये आतवर दडलेलं होतं. ते चालू केलं आणि पॅटर्नच्या सुविधेचं सदस्यत्व त्याच दिवशी रद्द केलं. उरलेल्या दोन आठवड्यांचे पैसे परत मिळणार नाहीत म्हणे. पाचवा मेल लिहितोय.