तिसरीच्या वर्गाला स्क्रॅच की स्क्रॅच ज्युनियर?

दोन्ही ॲप्स मुलांना ब्लॉक (सूचनांचे ठोकळे) जोडून कोडिंग शिकवतात. वयाच्या हिशोबाने उत्तर सोपं आहे. स्क्रॅच 8 ते 16 वर्षांच्या मुलांसाठी, ज्युनियर 5 ते 7 साठी. म्हणजे तिसरीला सरळ स्क्रॅच. माझा कौल मात्र चौथीपर्यंत ज्युनियरला आहे, आणि त्याला कारण एक वजाचं चिन्ह.

मुंबईतल्या मुलांना पहिल्याच तासाला लोकल पळवायची असते. स्क्रॅचमध्ये स्टेजच्या, म्हणजे चित्रं हलतात त्या पडद्याच्या, मधोमध शून्य, डावी कड -240, उजवी 240. गाडी उजव्या कडेला गेली की तिथेच अडकते. पुन्हा डावीकडून आणायची तर एक्सला, म्हणजे आडव्या जागेच्या आकड्याला, -240 द्यायचं. ऋण संख्या आपल्याकडे सहावीत येतात! मग कुणीतरी कडेवर आपटून मागे फिरवणारा ब्लॉक शोधतं. गाडी वळते, पण छप्पर खाली आणि चाकं वर. फिरण्याची पद्धत ‘डावी-उजवी’ केली की ती सरळ होते, पण ते शिक्षकालाच सांगावं लागतं. वेगाचंही तसंच. ‘कायम’ या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ब्लॉकच्या आत 10 पावलं टाकली की सेकंदाला साधारण 30 फेऱ्या होतात आणि दोन सेकंदांच्या आत स्टेज संपतं. वेग आवरायला ‘0.1 सेकंद थांबा’ हवं, म्हणजे दशांश. तास बहुधा इथेच संपतो.

ज्युनियरमध्ये स्टेजवर आडवे 20 चौकोन, मोजणी 1 पासून. डावीकडे जायला वेगळा ब्लॉक, त्यामुळे वजाचा प्रश्नच नाही. थांबण्याचा आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात, म्हणून 20 लिहिलं की दोन सेकंद. आणि उजवीकडून बाहेर गेलेली गाडी आपोआप डावीकडून आत येते. सुरुवातीचा हिरवा झेंडा, उजवीकडे 5, थांबा 20, आणि चालण्या-थांबण्याच्या या जोडीवर ‘4 वेळा’: लोकल चार स्टेशनं घेऊन निघाली तिथेच परत. कुणी 5 ऐवजी 6 लिहिलं की ती चार चौकोन पुढे थांबते. का, ते मुलं बोटाने चौकोन मोजून शोधतात. माझ्या मते कोडमधली चूक शोधायची सवय इथूनच लागते.

ज्युनियरच्या अडचणीही खऱ्या आहेत. ते टॅबलेटवर (टॅबवर) चालवलं की काम त्याच टॅबमध्ये राहतं, म्हणून टॅबला क्रमांक चिकटवा आणि प्रकल्पाच्या नावात हजेरी क्रमांक घाला. नाहीतर पुढच्या तासाला शोधाशोध. व्हेरिएबल, म्हणजे गुणांसारखा बदलता आकडा साठवायची जागा, नाही; ‘जर-तर’ नाही. टॅब घ्यायला पैसेच नसतील आणि लॅबमध्ये विंडोज 10 चालत असेल, तर स्क्रॅचचं ऑफलाइन ॲप वाईट नाही. फक्त पहिले काही तास वळण्याचे आणि चित्र बदलण्याचे ब्लॉक द्या, एक्स-वाय नंतर.

ज्युनियरवरून स्क्रॅचवर कधी न्यायचं, ते मुलंच सांगतात. ‘सर, यात गुण कसे मोजायचे?’ असं दोघा-तिघांनी विचारलं की त्यांना लॅबमध्ये न्या.