ड्रेसाजसाठी घोडा: शाळेचा, वाट्याचा की स्वतःचा?

मांड पक्की झाली आहे, दुडकीतली उठबस लयीत जमते, कॅन्टरमध्ये रिकीब सुटत नाही, आणि आता ड्रेसाजच्या, म्हणजे ठरलेल्या हालचाली घोड्याकडून लयीत करून दाखवायच्या, स्थानिक स्पर्धेत उतरायचं मनात आहे. या टप्प्यावर मुंबई-पुण्याकडच्या स्वारापुढे तीन पर्याय असतात. रायडिंग स्कूलच्या घोड्यांवरच धडे चालू ठेवायचे, कुणाच्या तरी घोड्यात महिन्याच्या हिशेबाने वाटा घ्यायचा, किंवा सरळ घोडा विकत घ्यायचा. बहुतेक जण हा निर्णय पैशावर घेतात. आमच्या मते आधी दिवस मोजावेत. आठवड्याला दोन दिवस हातात असतील तर शाळा बरी. तीन-चार दिवस निघत असतील तर वाटा. पाच-सहा दिवस, तेही पावसाळ्यासकट, देता येत असतील तरच स्वतःच्या घोड्याचा विचार करावा.

स्पर्धेत नेमकं काय मागतात ते आधी पाहू. प्राथमिक टेस्ट पाचेक मिनिटांची असते. मैदान 20 बाय 40 मीटरचं, कडेला अक्षरं लावलेली. वरच्या पातळीवर 20 बाय 60. चाल, दुडकी, कॅन्टर, 20 मीटरची वर्तुळं, लांब लगामावरची मोकळी चाल आणि शेवटी मध्यरेषेवर थांबून सलामी. प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण, अर्धा गुणही देता येतो, आणि बेरजेची टक्केवारी काढतात. एकूण 230 पैकी 140 मिळाले तर 60.87 टक्के. पहिल्या मोसमात साठ टक्के गाठले तर काम व्यवस्थित चाललं आहे असं समजावं.

या पातळीवर बरेच गुण घोड्याच्या दिमाखापायी नाही, भूमितीपायी जातात. आखूड बाजूच्या मध्यावरच्या ‘ए’पाशी 20 मीटरचं वर्तुळ घ्या. लहान मैदानात ‘के’ आणि ‘एफ’ ही अक्षरं कोपऱ्यापासून 6 मीटरवर असतात, पण वर्तुळ लांब बाजूला टेकायला हवं ते 10 मीटरवर, म्हणजे अक्षराच्या 4 मीटर पुढे. नवा स्वार नेमका अक्षरावर टेकतो, मग कडेकडेने सरळ जातो, मैदानाच्या मध्यावरचा ‘एक्स’ ओलांडून पुढे निघतो, आणि कागदावर शेरा येतो ‘अंडाकृती’. मोठ्या मैदानात हेच वर्तुळ मध्यरेषेला तिच्यावरच्या ‘एल’ या बिंदूच्या 2 मीटर पुढे छेदतं. चार ठिकाणी चुन्याच्या खुणा करून आठवडाभर त्यावरून फिरलं की डोळा बसतो. त्याला महागडा घोडा लागत नाही. न कंटाळता तेच वर्तुळ फिरणारा लागतो.

शाळेचा घोडा

असा घोडा शाळेत मिळतो. शाळेचा मोठा फायदा म्हणजे घोडे बदलतात. एक लगामावर झोपतो, दुसरा तोंड वर करून निसटतो, तिसऱ्याला टाच लावली तरी ढिम्म. तिन्ही घोडे हाताळलेल्या स्वाराची मांड एकाच घोड्यावर वाढलेल्या स्वारापेक्षा लवकर सुधारते. चारा, नाल, औषध यांची काळजी शाळेची. घोडा लंगडला तर तुम्हाला दुसरा मिळतो.

तोटाही तिथूनच येतो. दिवसातून तीन-चार नवशिके ज्याच्या पोटावर पाय आपटतात तो घोडा पायाचं ऐकणं सोडून देतो. यात त्याचा आळशीपणा नाही. पाय लावल्यावर कधी पुढे जायचं, कधी लगामाने अडायचं, असे उलटसुलट संदेश मिळाले की दुर्लक्ष करणं त्याला सोपं पडतं. अशा घोड्यावर पाय जोराने लावायची सवय लागते आणि पुढे तरतरीत घोडा मिळाला की तीच नडते.

प्रवेश घेताना मैदानापेक्षा दोन गोष्टी विचारा. शाळा आपले घोडे स्पर्धेला देते का, आणि दिले तर वाहतूक व प्रवेशशुल्क कोण भरतं? अनेक ठिकाणी पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ मिळतं, आणि मग वर्षभर सराव करूनही स्पर्धेची वाट बंद. दुसरी गोष्ट वजनाची. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपुढे जाऊ नये, हा सर्रास वापरला जाणारा अंदाज आहे. 350 किलोच्या काठियावाडी घोड्याला ही मर्यादा 70 किलोवर संपते. 65 किलोचा स्वार आणि 8 किलोचं खोगीर आताच तिच्या पलीकडे गेले. ज्या शाळेत हे कुणी विचारतच नाही, तिथे घोड्यांच्या पाठी एकदा हात फिरवून बघा. दाबल्यावर पाठ खाली जात असेल, कान मागे पडत असतील, तर दुसरी शाळा शोधा.

वाट्याचा घोडा

ड्रेसाजसाठी हा पर्याय आम्हाला सर्वांत किफायतशीर वाटतो, अट एकच: घोडा शिकलेला असावा. पंधरा-सोळा वर्षांचा, थोडा ताठरलेला, पण बाजूला सरकायचं म्हणजे काय हे जाणणारा घोडा एका वर्षात जे शिकवतो ते पाच वर्षांचा कोरा घोडा तीन वर्षांत शिकवत नाही. नवा स्वार आणि नवा घोडा ही जोडी दोघांनाही महाग पडते.

वाटा म्हणजे ठरलेले दिवस आणि ठरलेला खर्च. तोंडी बोलीवर घेतलेले वाटे पहिल्या दुखापतीला तुटतात, म्हणून कागद करावा. त्यात दिवस, नालबंदीचा हिस्सा, डॉक्टरचा हिस्सा, उड्या मारायला परवानगी आहे की नाही, दुसरा कोण स्वारी करणार, स्पर्धेचे दिवस कुणाचे आणि सोडायची मुदत हे सगळं यावं. आणि मुख्य म्हणजे, घोडा सहा आठवडे लंगडा राहिला तर पैसे चालू राहतात की थांबतात? मालकाला चारा घालावाच लागतो, तुम्हाला स्वारी मिळत नाही. दोघांचंही बरोबर असतं. अर्ध्या रकमेवर तडजोड करून ती आधीच लिहून ठेवणं शहाणपणाचं.

घेण्याआधी निदान तीनदा बसून बघा. त्यातल्या एकदा घोडा आधी कुणी फिरवलेला नसावा; पागेतून बाहेर काढण्यापासून खरारा, खोगीर, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळणं सगळं तुम्हीच करा. तंग आवळताना चावायला येणारा घोडा बहुधा पोटाचं किंवा खोगिराचं दुखणं सांगत असतो.

वाटा फसतो तो दुसऱ्या वाटेकऱ्यामुळे. सोमवारी तुम्ही हलक्या हाताने संपर्क बसवता, मंगळवारी दुसरा लगाम खेचून मान वाकवून घेतो. घोडा बुधवारी जिभेवरून बिट (लगामाची तोंडातली कडी) सुटावी म्हणून हनुवटी छातीला लावून बसतो. पाहणाऱ्याला ती मान सुंदर वाटते, पण परीक्षक नाक उभ्या रेषेच्या मागे गेलं म्हणून गुण कापतो. दोन्ही वाटेकऱ्यांचा प्रशिक्षक एकच असला तर हे टळतं. ही अटही कागदावर घालायला हरकत नाही.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना ही पद्धत तिथे सहज सापडेल. तिथे घोड्यातला असा वाटा रूढ आहे, त्याला ‘राइटबेटाइलिगुंग’ म्हणतात. बऱ्याच स्थानिक राइटफेराइनमध्ये, म्हणजे घोडेस्वारीच्या क्लबांमध्ये, सभासदाने वर्षाला ठरावीक तास अंगमेहनतीचं काम करायचं असतं. नाही केलं तर त्याचे पैसे भरायचे.

स्वतःचा घोडा

किंमत हा यातला लहान भाग. 450 किलोच्या घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो. आठ किलो धरा: महिन्याला 240 किलो, वर्षाला जवळजवळ तीन टन. आपल्या भागातल्या दराने गुणून बघा, त्यावर खुराक चढवा. हिरवा लसूणघास यात किलोला किलो मोजू नका, त्यात बहुतेक पाणीच असतं. नालबंद पाच-सहा आठवड्यांनी, म्हणजे वर्षात नऊ-दहा वेळा. मोतद्दाराचा पगार, पागेचं भाडं, धनुर्वाताची लस, जंताचं औषध, दात कानशीने घासून घेणं वेगळं. आणि पोटशूळ रात्री दोनला उठला तर गाडी कुठे मिळेल, याचं उत्तर घोडा घेण्याआधी तयार हवं.

घरच्या शेतावर घोडा ठेवायचा विचार असेल तर एक धोका आवर्जून सांगायला हवा. गुरांचं खाद्य घोड्याला घालू नका. त्यात कधी मोनेन्सिन हे औषध असतं. गाईला ते चालतं, घोड्याला थोडंही प्राणघातक ठरतं. जाडाभरडा कडबा एकदम सुरू केला तर आतड्यात गच्च बसतो. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा, पाणी सतत समोर असावं.

आता कुठला घोडा. शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड स्वस्तात, कधी फुकटही मिळतो. अंगाने तो ड्रेसाजला चांगला, पण त्याचं शिक्षण उलट्या दिशेचं असतं. लगाम ताणला की लगामावर भार टाकून वेग वाढवायचा, हे तो शिकलेला आहे. जॉकी आखूड रिकिबीत बसतो, त्यामुळे पोटाला लोंबता पाय त्याने अनुभवलेला नसतो. पहिल्या दिवशी तुमचे लांब पाय लागताच तो सुटू शकतो. चढताना स्थिर उभं राहणंही शिकवावं लागतं, कारण जॉकीला चालत्या घोड्यावर वर चढवतात. सहा महिने शिक्षणाला द्या आणि काम कमी होताच ओटही कमी करा. पुढच्या पायांच्या कंडरा (टेंडन) हाताने तपासा, पोटात अल्सर आहे का ते डॉक्टरला विचारा.

मारवाडी आणि काठियावाडी घोडे उष्णतेला काटक, समजूतदार आणि दिसायला देखणे. मात्र त्यांच्यातल्या काहींना रहवाल, म्हणजे एका बाजूचे पाय एकापाठोपाठ टाकायची, चाल उपजत असते. बैठकीला ती सुखाची, पण ड्रेसाजच्या दुडकीत तिरपे दोन पाय (एका बाजूचा पुढचा, दुसऱ्या बाजूचा मागचा) एकदम पडायला हवेत. रहवाल दिसली की ‘लय नाही’ म्हणून गुण जातात. सारंगखेड्याच्या बाजारात नाचवून दाखवलेला घोडा बघून ‘याला पियाफ (जागच्या जागी दुडकी) येतंच’ असं वाटतं, तेही खोटं. नाचात डोकं वर, पाठ खोल आणि पुढचे पाय उंच. ड्रेसाजमध्ये मागचे पाय पोटाखाली येऊन भार उचलतात. ती पाठ परत वर आणायला कोऱ्या घोड्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

युरोपातून आणलेले वॉर्मब्लड, म्हणजे खास खेळासाठी पैदास केलेले, घोडे वेगळ्याच खिशाचे. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हाजेला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण मिळवलं. घोडेस्वारीतलं भारताचं 1982 नंतरचं हे पहिलंच सुवर्ण. पण ते सगळे युरोपात राहून, तिथल्या घोड्यांवर तयार झाले होते. पहिल्या स्थानिक टेस्टसाठी त्या तोडीचा घोडा घेणं म्हणजे निव्वळ हौस.

खरेदीआधी तुम्ही नेमलेला डॉक्टर हवा, विकणाऱ्याचा नको. कडक जमिनीवर सरळ रेषेत दुडकी, मग लंजवर, म्हणजे लांब दोरीने गोल फिरवत, दोन्ही बाजूंनी. वेदनाशामक दिलेलं नाही ना यासाठी रक्ताचा नमुना. ग्लँडर्सची तपासणी टाळू नका. हा रोग माणसालाही होतो, बाधित घोड्याला मारावं लागतं, आणि स्पर्धेच्या प्रवेशाला त्याचा नकारात्मक अहवाल मागतात. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते.

पावसाळ्याचं गणित वेगळं धरा. जून ते सप्टेंबर उघडी मैदानं चिखलात जातात, खुरात सड लागते, ओल्या गवताला बुरशी येते. शाळेत त्या काळात फी थांबवता येते; वाट्यात निदान बोलता येतं; स्वतःच्या घोड्याला मात्र रोज बाहेर काढावंच लागतं. मुंबईच्या दमट हवेत काही घोड्यांना घाम येणंच बंद होतं. काम झाल्यावरही अंग कोरडं आणि श्वास जोरात असेल तर ताबडतोब सावलीत नेऊन पाणी ओता, डॉक्टरला बोलवा.

वाढत्या वयाच्या मुलासाठी घोडा विकत घेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बारा वर्षांच्या मुलाला बसणारं तट्टू पंधराव्या वर्षी पुरत नाही, आणि तोवर घरातल्या सगळ्यांचा त्यात जीव अडकलेला असतो. मूल वाढेपर्यंत वाटाच बरा.

घोड्याशिवायचा सहभाग

तिन्ही पर्याय लांबणीवर पडले तरी स्पर्धेच्या दिवशी काम भरपूर असतं. परीक्षकाजवळ बसून गुण लिहिणारा लेखनिक हे त्यातलं उत्तम काम. परीक्षक बोलेल तेच शब्द लिहायचे, आपलं मत देऊ नये, गुण खोडला तर परीक्षकाची सही घ्यायची, आणि ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. एका दिवसात तीस टेस्ट शेऱ्यांसह डोळ्यांखालून जातात. टेस्ट वाचून सांगायची परवानगी असेल तिथे वाचणाराही लागतो: घोडा आधीच्या अक्षरावर येत असताना पुढची हालचाल एकदाच, ठणठणीत आवाजात सांगायची. वाऱ्याच्या दिवशी ‘बी’ आणि ‘ई’ सारखेच ऐकू येतात, म्हणून अक्षराआधी ‘डावीकडे’ की ‘उजवीकडे’ ते सांगावं.