जुनी पिकअप घरीच दुरुस्त करून पुन्हा उभी केली: अकरा महिने, एक पावसाळा आणि एका बेदाणा हंगामानंतर

गाडी अडीच लिटर डिझेलची, मागे पाटे (लीफ स्प्रिंग), एमएच १० पासिंग, वय सोळा वर्षं. हौदा उतरवून चासी उघडी केली, केबिनचा तळ बदलला, हौद्याला नवा पत्रा घातला, अर्धं वायरिंग नवं ओढलं, रंगही घरच्याच शेडमध्ये मारला. मे महिन्यात गाडी रस्त्यावर आली. तेव्हापासून तासगाव, मणेराजुरी, कवठेमहांकाळ पट्ट्यात द्राक्षांचे क्रेट, खताची पोती, बेदाण्याचे ट्रे आणि मधूनमधून सांगलीच्या मार्केट यार्डात हळद, असे चौदा हजार किलोमीटर झाले. रंग ओला असताना काढलेल्या फोटोंत कुठलीही गाडी देखणीच दिसते. म्हणून हा हिशेब आता एप्रिलमध्ये, सगळं एकदा भिजून, वाळून, पुन्हा भिजून झाल्यावर.

आधी निकाल. जिथून पाणी निघून जात होतं तिथे साधा रंगही टिकला. जिथे ते अडून राहिलं, तिथे महागाचा रंगसुद्धा फुगला. कामाला हात घालण्याआधी हे ठाऊक असतं, तर पैशांची वाटणी वेगळी झाली असती.

हौदा उतरवायला एक टनाचा चेन पुली ब्लॉक आणि भक्कम आडवा पाइप पुरतो. खरा वेळ बोल्ट खातात. आदल्या रात्री डिझेल सोडून ठेवलं तरी आठांपैकी तीनच सुटले. बाकीचे ग्राइंडरने कापावे लागले. नव्याने लावताना ८.८ या जास्त ताकदीच्या ग्रेडचेच बोल्ट आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) घ्या, बाजारातला साधा काळा बोल्ट नको. ठिणगी उडणारं कुठलंही काम सुरू करण्याआधी डिझेलची टाकी आणि पाइप खाली उतरवायचे, बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायच्या आणि अल्टरनेटरचीही सोडवायची. वेल्डिंगच्या करंटने अल्टरनेटरचे डायोड जातात आणि ते कळतं चार दिवसांनी, बॅटरी उतरल्यावर.

चासीवर हातोडी वाजवत फिरा. ठणठणीत आवाज आला तर चासी शाबूत, बद आवाज आला तर तिथे आत पापुद्रे सुटलेत. हमखास सडलेल्या जागा म्हणजे मागच्या पाट्याचे हँगर (पाटा चासीला जोडणारे), केबिन माउंटिंगच्या भोवती, आणि हौद्याचं आडवं चॅनेल चासीवर बसतं ती पट्टी. केबिनला पायदान, दाराच्या तळाची घडी आणि पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे. हँगरपाशी चासीच पातळ झाली असेल तर घरी ठिगळ लावू नका. ते काम चासीवाल्याकडेच न्यायचं.

चासीचा गंज काढायला चार इंची ग्राइंडरला पिळाच्या तारेचा कप ब्रश लावला. हौद्याचा सांगाडा मात्र सँड ब्लास्टिंगला दिला, आणि ते पैसे शंभर टक्के वसूल झाले. केबिनचा पातळ पत्रा ब्लास्टिंगला देऊ नये, उष्णतेने आणि माऱ्याने तो लाटांसारखा होतो. ब्लास्ट झालेलं लोखंड राखाडी, कोरडं आणि फार तहानलेलं असतं. रात्रभर तसंच ठेवलं की सकाळी पिवळसर गंजाची साय धरते. त्याच दिवशी, शक्यतो चार तासांच्या आत प्रायमर बसला पाहिजे.

प्रायमर झिंक फॉस्फेट असलेला, दोन डब्यांचा इपॉक्सी. चासी, हौद्याची खालची बाजू आणि केबिनचा तळ मिळून दोन हातांना चार लिटर लागला. हार्डनर मिसळल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग मारायचा. सांगलीच्या एप्रिलमध्ये डब्यावर लिहिलेली वेळ धरू नका, निम्म्यातच तो घट्ट होतो. एका वेळी अर्धा लिटरच कालवा. दुसरा हात डब्यावरच्या मुदतीत मारला नाही तर पहिला पुन्हा घासावा लागतो, नाहीतर दुसरा सालीसारखा सुटतो. इपॉक्सी उन्हात खडूसारखा भुरभुरतो, म्हणून जिथे ऊन पोचतं तिथे वरून पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) थर हवाच. चासीच्या आतल्या बाजूला नुसता प्रायमर राहिला होता. तिथे अकरा महिन्यांत काही झालं नाही.

गंज काळा करणारं रसायन (रस्ट कन्व्हर्टर) फक्त तिथेच चाललं, जिथे खड्ड्यांत रुतलेला गंज ब्रशला निघत नव्हता. ते पातळ मारायचं, काळं पडू द्यायचं, उरलेलं ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवायचं आणि मग प्रायमर. स्वच्छ लोखंडावर मारून काही मिळत नाही. सुटणाऱ्या पापुद्र्यावर मारलं तर पापुद्रा काळा होतो आणि काळाच होऊन गळतो.

केबिनच्या तळाला १८ गेज, म्हणजे १.२ मिमी पत्रा. रॉडच्या वेल्डिंगने या पत्र्याला भोकंच पडतात. सीओटू मशीन (गॅसच्या आवरणात तारेने वेल्डिंग करणारं), ०.८ मिमी तार, आणि एकेक इंचाचा टाका मारून लगेच दुसऱ्या टोकाला. सलग शिवण ओढली की पत्रा पोट काढतो. सांधे बुजवायला पीयू सीलंट वापरा. दुकानात स्वस्तातलं सिलिकॉन पुढे करतात. त्याला आंबट वास येतो, कारण त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं. लोखंडाशी त्याचं जमत नाही आणि त्यावर रंगही धरत नाही. तळावर अंथरलेलं मूळचं फेल्ट (जाड दाबलेलं कापड) पुन्हा टाकलं नाही. ओलं पायपुसणं वर्षभर पत्र्यावर पसरून ठेवण्यासारखाच तो प्रकार होता.

आता हौदा. इथे सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

३ मिमी चेकर्ड प्लेट घ्यावी असं चारातले तीन जण सांगतात. आठ बाय साडेपाच फुटांच्या हौद्याला ३ मिमी प्लेन पत्र्याचं वजनच ९६ किलोच्या आसपास जातं, चेकर्डचं आणखी थोडं जास्त. २ मिमीला ६४ किलो. फरकाचे तीस-पस्तीस किलो गाडीला जन्मभर वाहावे लागतात. शिवाय चेकर्डच्या उंचवट्यांत माती आणि खत बसतं, आणि क्रेट सरकवताना अडतात. म्हणून २ मिमी प्लेन घातला. चूक झाली ती खालच्या आडव्या चॅनेलमध्ये ४०० मिमी अंतर ठेवलं ही. फवारणीचं दोनशे लिटरचं भरलेलं बॅरल ठेवल्यावर दोन चॅनेलांच्या मधे पत्रा बशीसारखा दबला, आणि त्या बशीत पाणी साचायला लागलं. डिसेंबरमध्ये खालून दोन जादा आडव्या पट्ट्या द्याव्या लागल्या. सुरुवातीलाच अंतर ३०० मिमीच्या आत ठेवा.

पाणी जायला चार कोपऱ्यांत १० मिमीची भोकं पाडली होती. जूनमध्ये ती ठीक चालली. गळीत हंगाम सुरू झाल्यावर उसाचं पाचट आणि द्राक्षाचा पाला त्यात बोळ्यासारखा बसला. आता १६ मिमी केली आहेत, कडांना प्रायमर लावून. धुऊन झालं की एक सळई चारही भोकांतून फिरवायची, मिनिटभराचं काम.

द्राक्षपट्ट्यातल्या गाडीच्या हौद्याला नुसतं पाणी छळत नाही. पोटॅशच्या पोत्यातून सांडतं ते क्लोराइड. ओलावा मिळाला की ते पत्र्याला टाचणीएवढ्या खड्ड्यांनी पोखरतं. मोरचूद (कॉपर सल्फेट) त्याहून खट आहे. बोर्डो या फवारणीच्या मिश्रणात चुना मिसळलेला असतो तोवर ठीक, पण कोरड्या मोरचुदाचे निळे खडे पोत्यातून पडले आणि भिजले तर उघड्या लोखंडावर तांबं चढतं आणि त्या बदल्यात लोखंड विरघळतं. हौद्याच्या डाव्या पुढच्या कोपऱ्यात ऑगस्टमध्ये हाताच्या तळव्याएवढा लालसर, चक्क चमकणारा डाग दिसला. पहिल्यांदा गंजच वाटला. नखाने खरवडल्यावर खाली तांब्याची पातळ कातडी आणि तिच्याखाली काळे खड्डे. क्रेटच्या कोपऱ्याने रंगाला पडलेल्या एका ओरखड्यातून ते सुरू झालं होतं. तेवढा भाग घासून पुन्हा इपॉक्सी लावला. आता मोरचूद झाकणाच्या प्लास्टिक ड्रममधूनच जातं.

बेदाण्याच्या डिपिंगचं, म्हणजे वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायचं द्रावण हा तिसरा प्रकार. त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे अल्कली. सिंथेटिक इनॅमल अल्कलीने साबणासारखा मऊ होतो. फाळक्याच्या आतल्या बाजूला हात राखून साधा इनॅमल मारला होता. मार्चमध्ये तो बोटाने निघायला लागला. शेजारचा इपॉक्सीवर पीयू दिलेला भाग जसाच्या तसा. हौद्यात इनॅमलची बचत करू नका, केबिनच्या बाहेरून कराल तर चालेल.

हौद्याला आतून लायनिंग म्हणून गोठ्यातली रबर मॅट टाकली. पिकअपच्या नावाने विकल्या जाणाऱ्या लायनरपेक्षा ती स्वस्त आणि जाड. क्रेट सरकत नाहीत, आवाज निम्म्यावर येतो. पण ती चिकटवायची किंवा स्क्रूने पक्की करायची नाही. सहा बाय चार फुटांची एक मॅट चाळीस किलोच्या आसपास भरते, दोघांनी आठवड्यातून एकदा उचलून उभी करायची. पावसाळ्यात तीन आठवडे हा आळस झाला, आणि खालचा पत्रा घामेजल्यासारखा ओला निघाला.

चासी आणि हौद्याच्या मधे घालायला जुन्या कन्व्हेयर बेल्टचे तुकडे सगळेच वापरतात. बेल्ट मजबूत असतो, पण त्याच्या आत कापडाचे थर असतात आणि कापलेल्या कडेतून ते वातीसारखं पाणी ओढतात. सहा महिन्यांनी एक बोल्ट सोडून पाहिला, तर बेल्टच्या बरोबर कडेने चासीवर पेन्सिलने आखल्यासारखी गंजाची रेघ होती. कापलेल्या चारही कडा पीयू सीलंटने बंद करा, किंवा सरळ कापड नसलेलं भरीव रबर घ्या.

खालून जळकं ऑइल मारायची आपल्याकडची रीत जुनी आहे. पहिल्या पावसात ते अर्धं धुऊन जातं, उरलेल्यावर मातीचा थर चढतो, आणि पाट्याच्या रबर बुशा आणि ब्रेकचे होज त्याने फुगतात. चाकांच्या कमानीत डांबरासारखा काळा कोट मारला होता. खडीने तो जिथे फुटला तिथे पाणी आत शिरून तसंच राहिलं, वरून सगळं काळंभोर आणि छान. चासीच्या बंद पोकळ्यांत फवारलेलं मेण मात्र उत्तम टिकलं.

वायरिंगमधला एक धडा लिहायलाच हवा. चासी, केबिन, इंजिन सगळं छान रंगवून जोडलं की अर्थिंगच्या जागाही रंगाखाली जातात. मग स्टार्टर रडतो, दिवे मंद होतात, आणि करंट परतीची वाट शोधत क्लच किंवा अ‍ॅक्सिलेटरच्या केबलमधून जातो. केबल हाताला गरम लागली तर हेच समजा. इंजिन ते चासी आणि बॅटरी ते चासी अशा नव्या जाड अर्थ पट्ट्या द्या, बसायची जागा चकचकीत घासा, दातेरी वॉशर घाला, वरून व्हॅसलिन. हेडलाइटला दोन रिले (बॅटरीतून थेट करंट देणारे स्विच) टाकले, २.५ चौरस मिमीची वायर आणि बॅटरीपाशीच फ्यूज. बल्बच्या पिनवर आधी ११.९ व्होल्ट मिळत होते, आता १३.४. साध्या ५५/६० वॅटच्या बल्बनेच रस्ता उजळला. एलईडी बल्ब घालून पाहिले आणि काढले. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये प्रकाश विस्कटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

मागे एक पाटा वाढवायचा मोह सगळ्यांना होतो. गाडीला एलएसपीव्ही (भार बघून ब्रेकचा दाब बदलणारा) व्हॉल्व्ह असेल, तर तो अ‍ॅक्सल आणि चासीमधलं अंतर बघून मागच्या ब्रेकचा दाब ठरवतो. पाटा कडक झाला की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. पाटा चढवलाच, तर व्हॉल्व्हची दांडी नव्याने सेट करून घ्या. पाटे अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे यू बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. आमचे चारही जवळपास पाऊण फेरा फिरले.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. क्षारपड पट्ट्यातल्या पाण्याने कोअर वर्षात दगडी होतो. गाडी धुवायलाही शेवटचं पाणी गोडं असावं. डिझेल टाकीचा गाळ कितीही धुतला तरी येतो, डिझेल फिल्टर पाचशे किलोमीटर झाल्यावर एकदा आणि तीन हजार झाल्यावर एकदा बदला.

रंग घरी मारता येतो. दोन एचपीचा कॉम्प्रेसर, प्रायमरला १.८ आणि पीयूला १.४ मिमी नोझल, मधे पाण्याचा ट्रॅप. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, किमान कार्ट्रिजचा मास्क हवा. रंग मूळचाच ठेवला, कारण बदलला तर आरसीवर नोंद करावी लागते. हौद्याची मापंही वाढवली नाहीत, बुलबार लावला नाही. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग, तिथे पुढे पांढरी, बाजूला पिवळी आणि मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी बघतात.

वाया गेलेले पैसे म्हणजे दारातली आवाज कमी करणारी शीट, गाणी लावायचा नवा टेप आणि चाकांच्या स्टीलच्या टोप्या. त्यातली एक टोपी पहिल्याच महिन्यात गेली.

पावसाआधी आता तीन कामं आहेत. फाळक्याच्या आतून इनॅमल पूर्ण काढून इपॉक्सी, बेल्टचे आठही तुकडे बदलून भरीव रबर, आणि दाराच्या तळाची भोकं सळईने मोकळी करून आत मेण. उजव्या दाराच्या घडीत एक फोड आलाय, नखाएवढा. तिथलं भोक सीलंटने बुजलं होतं.