नव्या रूपातली ऑपरेटिंग सिस्टीम : सोलापुरातल्या उन्हात काही महिने वापरल्यानंतर

दिवाळीनंतर माझ्या अँड्रॉइड फोनवर मोठे अपडेट आले आणि पडद्याचे सगळे रूपच पालटले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी मांडणार आहे त्या कमीअधिक फरकाने इतर कंपन्यांच्या फोनांवरही ऐकू येतात. अशा बदलाबद्दल पहिल्याच आठवड्यात लिहिण्यात फारसा अर्थ नसतो, कारण तेव्हा कौतुक आणि चीड दोन्ही ताजी असतात. सोलापूरची गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा होऊन गेली, उन्हाळा आला, आणि मे महिन्यातही हाच फोन हाताळतो आहे, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

मी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्याचे ऑफिस सांभाळतो. व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी, रंगांच्या नमुन्यांचे फोटो, ट्रान्सपोर्टच्या बिल्ट्या म्हणजे माल पाठवल्याच्या पावत्या, मजुरीची यूपीआय देणी, यांतले बहुतेक काम फोनवरच होते. त्यामुळे फोन दिसतो कसा, यापेक्षा तो पटकन वाचता येतो का आणि हात सवयीने जिथे जातो तिथे बटण सापडते का, हे माझ्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

नव्या रूपाचा मुख्य नखरा पारदर्शकतेचा आहे. सूचनांचा पडदा, आवाजाची पट्टी, जलद सेटिंगची बटणे, सगळे काचेसारखे झाले असून मागचा फोटो त्यांतून धूसर दिसत राहतो. ॲपलने जून २०२५ मध्ये ‘लिक्विड ग्लास’ जाहीर केले आणि सप्टेंबरमध्ये आयओएस २६ सोबत ते लोकांच्या हातात दिले. त्यानंतर अँड्रॉइड फोन बनवणाऱ्या काही कंपन्यांनीही तीच वाट धरली. वेब सुलभतेच्या सर्वमान्य निकषांनुसार साध्या आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ असावा लागतो. पार्श्वभूमीच काचेची केली, तर हा फरक मागे कोणता फोटो आहे यावर ठरतो. गडद फोटोवर स्वच्छ वाचता येणारी सूचना पांढऱ्या टॉवेलच्या फोटोवर जवळजवळ नाहीशी होते, आणि आमच्याकडे पांढऱ्या टॉवेलांच्या फोटोंना तोटा नाही.

सोलापूरच्या उन्हात याच्या जोडीला आणखी एक गोष्ट घडते. मे महिन्यात इथला पारा बेचाळीसच्या वर जाणे नवलाचे नाही, आणि काही कंपन्या फोन वापरण्यासाठी सभोवतालच्या तापमानाची मर्यादा पस्तीस अंशांपर्यंतच सांगतात. फोन तापला की तो स्वतःचा बचाव म्हणून पडद्याचा उजेड कमी करतो आणि प्रोसेसरचा वेगही उतरवतो. म्हणजे गठ्ठे चढवताना ट्रकजवळ उभे राहून बिल्टीचा नंबर वाचायचा असतो, नेमक्या त्याच वेळी पडदा मंद होतो आणि त्या मंद पडद्यावर काचेच्या पट्टीवरची बारीक अक्षरे उरतात. जुन्या रूपातही पडदा मंद होत असे, परंतु पट्टी भरीव रंगाची असल्यामुळे निभावून जात असे. वातानुकूलित खोलीत बसून ठरवलेली सजावट दुपारी दोन वाजता कुठे वापरली जाणार आहे, याचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही. ॲपलनेदेखील तक्रारींनंतर आयओएस २६.१ मध्ये काच अधिक अपारदर्शक करण्याचा पर्याय दिला. माझ्या फोनवर असा थेट पर्याय नाही. ॲक्सेसिबिलिटी या सुलभतेच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरे ठळक केली, ॲनिमेशन बंद केली आणि गडद थीम लावली, तेव्हा कुठे काम चालू लागले.

दुसरी तक्रार मराठीची आहे आणि ती मला अधिक खुपते. फोनची भाषा मी मराठीच ठेवतो. नव्या रूपात बटणे गोलाकार आणि बुटकी झाली आहेत, आणि ओळीची उंची रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून ठरवल्यासारखी दिसते. परिणामी वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून अर्धे होतात, आणि लांब मराठी शब्द तीन टिंबांत संपतात. जलद सेटिंगमध्ये शेजारशेजारची दोन बटणे अशा रीतीने तुटली आहेत की त्यांचा अर्थ केवळ चित्रावरून लावावा लागतो. हा प्रश्न सुटण्यासारखा नाही, असे मुळीच नाही. उंच लिप्यांची अक्षरे कापली जाऊ नयेत म्हणून अँड्रॉइड १५ ने २०२४ मध्ये नव्या ॲपसाठी ओळीच्या उंचीचा नियम बदलला, आणि हा बदल ज्या लिप्यांसाठी झाला त्यांत तेलुगू व कन्नड या आमच्या शहरात घरोघरी बोलल्या जाणाऱ्या भाषांच्या लिप्या आहेत. मूळ प्रणाली ज्याची काळजी घेते, त्यावर फोन कंपनीने आपली सजावट चढवताना पाणी फिरवू नये, एवढीच अपेक्षा आहे.

कॉलच्या पडद्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये अनेक अँड्रॉइड फोनांवर ऑपरेटिंग सिस्टीमचे कोणतेही अपडेट न घेता कॉलचा पडदा अचानक बदलला होता, आणि आपला फोन हॅक झाला की काय, अशी भीतीही कित्येकांना वाटली होती. कारण साधे आहे. डायलर, म्हणजे कॉल लावण्या-घेण्याचा पडदा, हे एक ॲप असते, ते प्ले स्टोअरमधून परस्पर अद्ययावत होते, आणि नवे रूप त्यात आधीच येऊन पडलेले असले तरी ते सुरू कधी करायचे हे सर्व्हरवरून ठरते. म्हणजे आपण काही दाबले नाही तरी बदल होतो. यंत्रमागांच्या खडखडाटात आमच्याकडे कॉल ऐकू येत नाही, तो दिसावा लागतो, आणि मागावरच्या माणसाला सुताचे तंतू लागलेल्या बोटांनी एका क्षणात तो घ्यावा लागतो. बोट कोणत्या दिशेला सरकवायचे हेच बदलले, तर येणारा कॉल कापला जातो. आमचे आप्पा, वय सत्तरीच्या पुढे, वाजणारा फोन हातात धरून मला विचारत होते, “अरे, हा उचलायचा कुठून?” डायलरच्या सेटिंगमध्ये येणाऱ्या कॉलसाठी सरकवण्याऐवजी एका स्पर्शाचा पर्याय निवडता येतो. ही सोय चांगली आहे, पण ती शोधून देणारा कोणीतरी घरात असावा लागतो.

बॅटरीविषयी थोडक्यात. अपडेटनंतरचे काही दिवस ती भराभर उतरली. तेव्हा फोन सगळी ॲप नव्याने जुळवून घेत असतो आणि फोटोंची सूचीही पुन्हा तयार करतो, म्हणून पहिल्या आठवड्यात कोणी बॅटरीच्या नावाने ओरडू नये. नंतर ती पूर्ववत झाली.

रंगांची मात्र वेगळीच कथा झाली. अपडेटने पडद्याची रंगछटा ‘नैसर्गिक’वरून ‘भडक’वर नेऊन ठेवली, आणि तशी सूचना कुठेही दिली नाही. व्यापारी फोटो पाहून शेड पसंत करतात आणि आम्ही तो फोटो आमच्या पडद्यावर नमुन्याशी ताडून पाठवतो, त्यामुळे मरून आणि लाल यांच्यातला फरक आम्हाला पैशांत मोजावा लागतो. वापरणाऱ्याने विचारपूर्वक ठेवलेली सेटिंग अपडेटने परस्पर बदलणे हा माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत अक्षम्य प्रकार आहे. पारदर्शकता आवडीनिवडीचा विषय म्हणून एक वेळ सोडून देता येईल.

जमेच्या बाजूही आहेत. पडदा सरकवताना येणारा जुना धक्का गेला आहे, एकाच ॲपच्या सूचना नीट एकत्र येतात, आणि खालची तीन बटणे ज्यांना हवी आहेत त्यांना ती अजून ठेवता येतात.

मग जुन्या आवृत्तीवर परत का जात नाही, असे ऑफिसातल्या तरुण पोरांनी विचारले. परतीची वाट जवळजवळ बंद आहे. अपडेट स्थिरावले की जुन्या आवृत्तीचा ठसा पुसला जातो, आणि सुरक्षेच्या कारणास्तव अनेक फोन जुनी आवृत्ती स्वीकारतच नाहीत. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा मूळ प्रोग्राम, याचे कुलूप उघडून बळजबरीने मागे जायचे, तर फोनमधला सगळा डेटा जातो आणि पुढे बँकांची अनेक ॲप चालायला नकार देतात. मजुरी फोनवरून देणाऱ्याला हे परवडत नाही.

आणि अपडेट घेतलेच नाही तर? माझी खरी हरकत इथे आहे. अँड्रॉइडसाठी दरमहा सुरक्षा दुरुस्त्या देण्याची पद्धत ऑगस्ट २०१५ पासून सुरू आहे, आणि ज्या फोनवर पैशांचे व्यवहार होतात त्यावर त्या घेणे टाळता येत नाही. परंतु मोठी आवृत्ती आली की कंपनी काही काळाने दुरुस्त्या तिच्याच मागे लावते, म्हणजे गळकी कौले बदलून घ्यायची तर घरातले सगळे सामानही हलवून घ्यावे लागते. हे वेगळे ठेवणे शक्य आहे. अँड्रॉइड १० पासून म्हणजे २०१९ पासून प्रणालीचे काही भाग प्ले स्टोअरच्या मार्गाने स्वतंत्रपणे दुरुस्त होतात. फोन हिसकावला गेल्यास तो आपोआप लॉक करणारी सोयही २०२४ मध्ये याच रीतीने जुन्या फोनांपर्यंत पोहोचली, आणि तिच्यासाठी कोणाच्या पडद्यावरचे एकही बटण हलवावे लागले नाही.

अजून ज्यांनी हे अपडेट घेतलेले नाही, त्यांनी आधी सेटिंगच्या पानांचे स्क्रीनशॉट काढून ठेवावेत, विशेषतः पडद्याची रंगछटा, अक्षरांचा आकार आणि सूचनांच्या परवानग्या. महिनाअखेरीस, पगाराच्या आठवड्यात ते मुळीच घेऊ नये. आप्पांच्या फोनवर मी अजून जुनीच आवृत्ती ठेवली आहे आणि डायलरचे आपोआप होणारे अपडेट प्ले स्टोअरमधून बंद केले आहे. त्या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळत आहेत तोवर ती तशीच राहील.