टेनिस एल्बो: इंजेक्शन, व्यायाम की नुसती वाट पाहायची?

ओला कपडा पिळताना, भरलेली बादली उचलताना किंवा बॅकहँड मारताना कोपराच्या बाहेरच्या अंगाला कळ येते. दुर्लक्ष केलं तर काही दिवसांत साधा कप उचलणंही नकोसं होतं. हा टेनिस एल्बो. तसंच दुखणं कोपराच्या आतल्या अंगाला असेल तर तो गोल्फर्स एल्बो. साधारण ३५ ते ५५ वयातल्या, हाताने भरपूर काम किंवा व्यायाम करणाऱ्यांना टेनिस एल्बो गाठतो आणि त्यातल्या बहुतेकांनी रॅकेट कधी हातातही धरलेली नसते.

उपचार बरेच आहेत. पण निवड करताना ‘लवकर आराम कशाने पडेल’ एवढंच विचारलं तर फसगत होते, कारण या दुखण्यात सहा आठवड्यांनंतरचा निकाल आणि वर्षानंतरचा निकाल एकमेकांच्या बरेचसे उलटे आहेत.

आधी दुखणं तेच आहे ना, ते बघा

हात समोर सरळ करा, पालथा ठेवा, मूठ वळा आणि मनगट वर उचलून धरा. दुसऱ्या कुणाला ते खाली दाबायला सांगा. बाहेरच्या हाडाच्या उंचवट्यापाशी ओळखीची कळ आली तर टेनिस एल्बोची शक्यता दाट. बोटं सरळ ठेवून फक्त मधलं बोट खाली दाबल्यावरही तिथेच दुखतं. गोल्फर्स एल्बोसाठी हात उताणा ठेवून मनगट आत वळवायचं आणि त्याला अडवायचं.

करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येत असतील तर कोपरामागची नस दबलेली असू शकते. मान वळवल्यावर हातात कळ उतरत असेल तर मूळ मानेत शोधावं लागतं. कोपर मध्येच अडकणं, सांधा लाल आणि गरम होणं, ताप येणं, यांत घरगुती प्रयोग नकोत. वजन उचलताना कोपराच्या पुढच्या बाजूला ‘टक्’ असा आवाज होऊन दंडाचा स्नायू वर गोळा झालेला दिसला, तर बायसेप्सचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटलेला असू शकतो. त्यासाठी त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना गाठा. दोन-तीन आठवडे उलटले की तो परत जोडणं अवघड होत जातं.

मुख्य लढत: तीन पर्याय, दोन मुदती

मनगट मागे उचलणारा एक स्नायू ज्या टेंडनने कोपराच्या हाडाला जोडलेला असतो, तिथे हे दुखणं असतं. १९७९ मध्ये नर्शल आणि पेट्रोन या शल्यचिकित्सकांनी काढलेल्या टेंडनचे नमुने तपासून मांडलं की तिथे नेहमीची सूज नसते. असतात ते विस्कटलेले तंतू आणि अर्धवट राहिलेली दुरुस्ती. म्हणून सूज उतरवणारी औषधं दुखणं तात्पुरतं कमी करतात, पण टेंडनला बळकटी देत नाहीत.

नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्टिरॉइडचं (सूज उतरवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन, फिजिओथेरपी आणि ‘थांबून पाहू’ हे तिन्ही पर्याय समोरासमोर ठेवले होते. किती टक्के लोक बरे झाले किंवा बरेच सुधारले, ते असं:

| पर्याय | ६ आठवड्यांनी | ५२ आठवड्यांनी |
|---|---|---|
| स्टिरॉइड इंजेक्शन | ९२ | ६९ |
| फिजिओथेरपी | ४७ | ९१ |
| थांबून पाहणं | ३२ | ८३ |

पुढे ऑस्ट्रेलियात १६५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१३) स्टिरॉइडची तुलना खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, इंजेक्शनशी केली. वर्षअखेर स्टिरॉइडवाल्यांपैकी ८३ टक्के बरे होते, खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९६ टक्के. दुखणं उलटण्याचं प्रमाण तर ५४ विरुद्ध १२ टक्के. म्हणजे सुईत औषध नसतं तरी चाललं असतं असा हा निकाल नाही. औषधानेच नुकसान केलं असा आहे.

याची दोन कारणं संभवतात. स्टिरॉइडमुळे तंतू घडवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. शिवाय दुखणं गायब झाल्यावर माणूस आठवड्याभरात पूर्वीचंच वजन उचलायला लागतो आणि कमकुवत टेंडनवर सगळा भार येतो. टोचल्या जागी त्वचा पांढरी पडणं किंवा खळगा पडणं हेही होतं. मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते. झोप उडवणारं दुखणं असेल आणि दुसरा मार्गच उरला नसेल, तर एकदा घेण्याचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येईल. पण त्यानंतर किमान दोन आठवडे जड काम बंद ठेवा आणि पुन्हा दुखलं म्हणून पुन्हा टोचून घेऊ नका.

फिजिओथेरपी आणि थांबून पाहणं यांतला वर्षानंतरचा फरक मात्र लहान आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. बहुतेक कोपरं वेळ दिला की सुधारतात. ज्याचं रोजचं काम हलकं आहे आणि दुखणं सौम्य आहे, त्याने भार कमी करून वाट पाहिली तरी बिघडत नाही. जिम, खेळ किंवा अवजारांचं काम करणाऱ्याने मात्र फिजिओथेरपीतला व्यायामच निवडावा. विश्रांतीत पकड ढिली पडते आणि परतल्यावर जुनाच भार नव्याने दुबळ्या झालेल्या हातावर येतो.

व्यायाम कसा, किती, आणि कुठे फसतो

दुखणं फार चढलेलं असेल तर आधी न हलवता ताण द्या. कोपर काटकोनात, हात टेबलावर पालथा, हातात डंबेल आणि मनगट सरळ रेषेत. ३० ते ४५ सेकंद तसंच धरा, मध्ये एक मिनिट थांबा, असं पाच वेळा, रोज.

दुखणं शांत झालं की सावकाश वजनाचा व्यायाम सुरू करा. हात पालथा टेबलावर, मनगट काठाबाहेर. तीन सेकंदांत वर, तीन-चार सेकंदांत खाली. सुरुवात अर्धा ते एक किलोने, १५ वेळा, तीन फेऱ्या, दिवसाआड. शेवटच्या दोन-तीन वेळांना जोर लागायला हवा. लागत नसेल तर अर्धा किलो वाढवा आणि हळूहळू ८ ते १० वेळांच्या जड फेऱ्यांकडे जा. मग कोपर थोडं थोडं सरळ करत न्या, कारण सरळ कोपरात टेंडनवर ताण जास्त येतो. जोडीला हातोडी घ्या: दांडा उभा धरून हात सावकाश पालथा-उताणा करा. हातोडी डोक्याजवळ धरली तर हलकी वाटते, दांड्याच्या टोकाशी धरली तर तीच भारी पडते. वजन न बदलता मात्रा बदलायची ही सोपी सोय आहे.

दुखण्याचा नियम: शून्य ते दहाच्या मापात तीन-चारपर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर आदल्या दिवसाइतकंच असायला हवं. जास्त दुखलं तर वजन किंवा फेऱ्या कमी करा, पण व्यायाम सोडू नका. पहिल्या कळेलाच थांबणं ही सर्वांत मोठी चूक. दुसरी चूक म्हणजे दोन आठवडे बरं वाटलं की पूर्ण जोराने परतणं. टेंडन स्नायूपेक्षा फार सावकाश बदलतो, निदान बारा आठवडे द्यावेच लागतात. तिसरी चूक दिसत नाही: थकल्यावर टेबलावरून कोपर उचललं जातं आणि खांदा काम करायला लागतो. तसं झालं की ती फेरी तिथेच संपवा. दुखऱ्या कोपरावर मनगट जोरात वाकवून ताणत बसू नका, त्याने चिडलेला टेंडन हाडावर आणखी दाबला जातो.

गोल्फर्स एल्बोला हेच सगळं, फक्त हात उताणा ठेवून. पुल-अप्स आणि सरळ बारचे कर्ल्स तोवर कमी करा. करंगळीत मुंग्या सुरू झाल्या तर थांबा.

बाकीचे पर्याय

भार कमी करणं सगळ्यांनाच लागू. वस्तू उचलताना तळहात वर आणि कोपर अंगाजवळ ठेवा. पालथ्या हाताने, लांबून उचलणं टाळा. जिममध्ये ओढायच्या व्यायामांचं वजन निम्म्यावर आणा आणि मनगटाचे पट्टे वापरून पकडीवरचा ताण हलका करा. रॅकेटच्या तारा जरा सैल बसवून घ्या.

कोपराखालचा पट्टा काम करताना आराम देतो, दुरुस्ती करत नाही. तो हाडाच्या उंचवट्यावर नाही, तर त्याच्या दोन बोटं खाली, स्नायूच्या फुगीर भागावर बांधायचा. मूठ वळल्यावर घट्ट आणि सोडल्यावर सैल वाटला म्हणजे बरोबर बसला. बोटं बधिर झाली तर तो फार आवळलेला आहे. झोपताना काढा. त्वचेवर लावायच्या दुखण्याच्या जेलचा उपयोग थोड्या दिवसांपुरताच.

स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन, म्हणजे पीआरपी, बरंच सुचवलं जातं. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात ३२ चाचण्या एकत्र तपासल्यावर खोट्या इंजेक्शनपेक्षा जाणवण्याजोगा फायदा बहुधा नाही असाच निष्कर्ष निघाला. शॉकवेव्हच्या (बाहेरून दिल्या जाणाऱ्या धक्कालहरींच्या) बाबतीतही कोक्रेनचं मत फारसं वेगळं नाही. या दोन्हींसाठी व्यायाम मागे ठेवण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रियेचा विचार सहा ते बारा महिने नीट व्यायाम करूनही हात अडतच असेल तर. त्यानंतर जोरदार खेळाकडे परतायला साधारण चार ते सहा महिने लागतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत २६ रुग्णांपैकी निम्म्यांचा खराब टेंडन काढला, निम्म्यांची फक्त त्वचा उघडून परत शिवली. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा झाली. एमआरआयमध्ये ‘टेंडन खराब’ किंवा ‘थोडा फाटलेला’ असं लिहून आलं तरी तेवढ्यावरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नका, कारण काहीच न दुखणाऱ्या कोपरांतही असे बदल सापडतात. डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: आतापर्यंत केलेल्या व्यायामात वजन खरोखर वाढलं होतं का, की तीन महिने तीच एक किलोची डंबेल फिरत होती?