पुन्हा साथ आली तर पोराला खेळू द्यायचं का? २०२० चे तीन कॉलेज पॅटर्न शेजारी ठेवून बघा

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींची पोरं हल्ली टेनिस, स्क्वॉश, फेन्सिंग, स्विमिंग करत कॉलेजच्या टीमपर्यंत पोचायला लागलीयत. रिक्रूटिंगच्या वेळी आपण कोच बघतो, कॅम्पस बघतो, रँकिंग तर बघतोच बघतो, पण उद्या कोविडसारखं काही परत आलं तर हे कॉलेज माझ्या पोराचं काय करेल हे कोणी विचारत नाही. खरं तर याचं उत्तर २०२० मध्येच मिळालेलं आहे, कारण तेव्हा तोच व्हायरस आणि तेच महिने असूनही कॉन्फरन्सेसनी, म्हणजे आपापसात मॅचेस खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांनी, एकदम वेगवेगळे निर्णय घेतले होते.

सगळ्यात आधी आयव्ही लीग. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ कॉलेजं. ८ जुलै २०२० ला त्यांनी फॉलचे खेळ बंद करून टाकले, नोव्हेंबरमध्ये विंटरचेही, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये स्प्रिंगचा लीग सीझनही गेला. तेव्हा सगळ्यांनी वा वा केली आणि ती बरोबरच होती, फक्त एक लक्षात ठेवा, आयव्हीत खेळाची स्कॉलरशिप नसते आणि अमेरिकन फुटबॉलच्या टीव्हीच्या पैशावर त्यांचं पोट चालत नाही, त्यामुळे नाही म्हणणं त्यांना परवडत होतं. त्याची किंमत मोजली ती शेवटच्या वर्षाच्या पोरांनी. आयव्हीत ग्रॅज्युएट स्टुडंटला एरवी खेळता येत नाही, त्या बॅचसाठी एकदाच सूट दिली, तीही फेब्रुवारीत. तोवर बऱ्याच जणांनी पुढचं काहीतरी ठरवून टाकलं असणार.

आणि मॅच रद्द झाली म्हणजे पोरगं सेफ, असंही नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजचा २० वर्षांचा फुटबॉल खेळाडू कोविडनंतरच्या कॉम्प्लिकेशनमध्ये गेला, आणि त्याच्या कॉलेजचा फॉल सीझन तर आधीच थांबवलेला होता. रूममेट, पार्ट्या, जेवणाचा हॉल हे सगळं चालूच असतं ना.

दुसऱ्या टोकाला एसईसी, म्हणजे अलाबामा, एलएसयू, फ्लोरिडा ही दक्षिणेकडची मंडळी. यांनी थांबायचा विचार फारसा केलाच नाही. फुटबॉल २६ सप्टेंबरला सुरू, प्रत्येक टीमला फक्त आपापसातल्या १० मॅचेस, आठवड्यातून तीन टेस्ट. एलएसयूच्या कोचनी तर सीझन सुरू व्हायच्या आधीच सांगून टाकलं होतं की आमच्या बहुतेक पोरांना होऊन गेलाय. नोव्हेंबरच्या मध्यात एका वीकेंडला सातपैकी चार मॅचेस पुढे ढकलायला लागल्या. तरी रेटून नेलंच, आणि ११ जानेवारी २०२१ ला अलाबामानं ओहायो स्टेटला ५२-२४ नी हरवून नॅशनल टायटलही घेतलं.

आता बिग टेन, म्हणजे ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट वगैरे. याच्यावर जरा थांबूया, कारण डिसिजनच्या दृष्टीनं खरा मसाला इथे आहे.

११ ऑगस्टला त्यांनी सीझन पुढे ढकलला, मतदान ११ विरुद्ध ३. मग जो गोंधळ झाला तो विचारू नका, नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी कॉन्फरन्सवर केस टाकली, ओहायो स्टेटच्या क्वार्टरबॅकनं ऑनलाइन पिटिशन काढून लाखांवर सह्या गोळा केल्या, राजकारणी मध्ये पडले, आणि १६ सप्टेंबरला निर्णय फिरला. लोक म्हणाले पैशापुढे झुकले. झुकले असतीलही. पण परत येताना त्यांनी जे नियम आणले ते एसईसीपेक्षा कितीतरी कडक होते: रोज अँटिजेन टेस्ट, पॉझिटिव्ह आला तर कमीत कमी २१ दिवस मॅच नाही, आणि परत यायच्या आधी रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, इको आणि हार्टचा एमआरआय, वर कार्डिओलॉजिस्टची सही.

हा हार्टचा एमआरआय साधासुधा प्रकार नाही बरं का. पाऊण तास-तासभर त्या बोगद्यात निपचित पडायचं, हातातून डाय सोडतात, मशीन ठोकठोक करत असतं आणि स्पीकरवरून दर थोड्या वेळानं श्वास रोखा, सोडा. एरवी धडधाकट विशीतल्या पोराचा असा एमआरआय कोण करतं?

एवढं कशासाठी, तर मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज. तरुण खेळाडू अचानक मैदानावर कोसळतात त्यामागचं हे एक माहीत असलेलं कारण आहे, आणि तेव्हा निदान झालं की तीन ते सहा महिने जोराचा व्यायाम बंद ठेवायला सांगायचे. त्या उन्हाळ्यात जर्मनीतला एक स्टडी आला, कोविडमधून बऱ्या झालेल्या १०० जणांपैकी ७८ जणांच्या एमआरआयमध्ये हृदयात काही ना काही सापडलं. मग सप्टेंबरात ओहायो स्टेटचा आला, २६ खेळाडूंपैकी चौघांमध्ये मायोकार्डायटिसशी जुळणारं चित्र. घाबरायला तेवढं पुरे होतं.

मग मोठे आकडे आले. बिग टेनच्या १,५९७ पॉझिटिव्ह खेळाडूंमध्ये ३७ जण निघाले, २.३ टक्के. ४२ कॉलेजांच्या दुसऱ्या मोठ्या स्टडीत, जिथे सरसकट सगळ्यांचा एमआरआय नव्हता, ३,०१८ पैकी २१, म्हणजे ०.७ टक्के. भीती वाटली होती त्यापेक्षा खूप कमी. पण त्या ३७ मधली एक गोष्ट मला अजून खटकते: हृदयाचा त्रास जाणवत होता फक्त ९ जणांना. बाकीच्या २८ जणांना हृदयाचं काहीच जाणवत नव्हतं. अर्थात एमआरआयवर दिसलेला प्रत्येक डाग पुढे घातक ठरतोच असं नाही, डॉक्टरांमध्येही यावर वाद झाले. तरीपण फक्त 'बरं वाटतंय ना? चल मग' असं विचारून सोडणारं कॉलेज आणि तपासून सोडणारं कॉलेज यात फरक आहेच.

रोजच्या टेस्टनं साथ थांबली का? नाही. विस्कॉन्सिननं एक मॅच खेळली आणि लगेच कोचसकट १२ जण पॉझिटिव्ह, पुढच्या दोन मॅचेस गेल्या. मिशिगन-ओहायो स्टेट ही परंपरेची मॅचही त्या वर्षी झाली नाही.

आता पोराच्या हातात काय होतं ते बघा. ऑगस्ट २०२० मध्ये एनसीएएनं, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या देशपातळीवरच्या संस्थेनं, नियम केला की कोविडच्या भीतीनं खेळायला नको म्हणलं तर स्कॉलरशिप काढायची नाही, आणि काही झालं तर आमची जबाबदारी नाही अशा कागदावर सही घ्यायची नाही. फॉलच्या सगळ्या खेळाडूंना एक वर्ष जास्तीचंही मिळालं. पेन स्टेटचा मायका पार्सन्स, एलएसयूचा जमार चेस यांनी सीझन सोडला आणि पुढच्या वर्षी पहिल्याच राऊंडमध्ये एनएफएलमध्ये, म्हणजे प्रोफेशनल फुटबॉल लीगमध्ये, निवडले गेले. पण ते स्टार होते हो. तिसऱ्या नंबरचा स्विमर कोचला नाही म्हणेल का? स्कॉलरशिप राहते पण टीममधली जागा कोचच्या हातात, पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार. आणि ते जास्तीचं वर्ष मोठ्या पोरांनी वापरलं की खाली बारावीतनं येणाऱ्यांना जागा कमी, हेही झालंच.

आपल्या पोरांच्या खेळांना तर वेगळाच धोका. स्टॅनफर्डनं जुलै २०२० मध्ये ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं, त्यात फेन्सिंग, स्क्वॉश, रोइंग होते. मे २०२१ मध्ये निर्णय मागे घेतला, पण दहा महिने त्या पोरांनी कसे काढले असतील.

मला निवडायला सांगाल तर मी बिग टेनचा दुसरा, म्हणजे सप्टेंबरनंतरचा तपासून खेळवणारा, अवतार घेईन, पण फक्त तपासणीचा खर्च कॉलेज करत असेल तरच. तेवढा पैसा नसलेल्या कॉलेजात असेल तर आयव्हीसारखं सरळ थांबणं बरं, विशेषतः कुस्ती, बास्केटबॉलसारख्या अंगाला अंग लागणाऱ्या खेळात. गोल्फ किंवा टेनिस सिंगल्सला मी इतकी काळजी करणार नाही, तिथे खरा धोका बस आणि हॉटेलच्या रूमचा. एसईसी पॅटर्न माझ्या पोरासाठी नको. कॅम्पस व्हिजिटला जाल तेव्हा कोचला नाही, टीमच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरला (खेळाडूंच्या दुखापती-आजारपण बघणारा माणूस) गाठा आणि विचारा, आजारातून उठलेल्या खेळाडूला परत सोडायची सही कोण करतं, डॉक्टर की कोच, आणि त्या डॉक्टरचा पगार कोणाच्या बजेटमधनं येतो.